ब्रॉडबेंट मंगळवारी येतो म्हणाला

हॅलिफॅक्सजवळ, ७ जानेवारी १९८७

प्रिय विल्फ,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा वगैरे पुढच्या पत्रात. आत्ता माझं डोकं इतकं तापलंय की त्यावर किटली ठेवली तर चहा होईल. आणि खालच्या मजल्यावर तेवढी एकच वस्तू तापलेली आहे.

आर्नल्डला नाताळच्या आधी हॉस्पिटलमधून घरी सोडलं. गिरणीतला सगळा कापूस त्या माणसाच्या छातीत जाऊन बसलाय. डॉक्टर म्हणाले, "मिसेस अ‍ॅक्रॉइड, औषधं आम्ही देऊ. ऊब तुम्ही द्या. गारठा लागला तर परत इथेच यावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकणार नाही." ऊब कुठून देऊ? वरच्या खोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर हात भाजतील असे आणि खालचे प्रेतासारखे थंड. बॉयलर असा गुरगुरतो की शेजारच्या इलिंगवर्थबाई विचारतात, तुम्ही कुत्रा पाळलाय का?

हे सगळं त्या रॉय ब्रॉडबेंटने नोव्हेंबरात पंप बदलला तेव्हापासून. त्याआधी घर निदान सगळीकडे सारखं कोमट तरी होतं. चार वेळा निरोप दिले. प्रत्येक वेळी "मंगळवारी येतो." कालचा मंगळवारही गेला. मी दुपारपर्यंत शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचे बटाटे कुस्करत असते. आर्नल्ड घरीच होता. बेल वाजली नाही म्हणतो. वर मलाच समजावतो, "असेल बिचारा कामात." बिचारा! तो मेला बिचारा आणि आपण कोण?

दुसरा प्लंबर बघ म्हणून लिहू नकोस. या दरीत दोनच उरलेत आणि दुसऱ्याकडे गोठून फुटलेल्या नळांची रांग लागलीय. तू अख्खा जन्म जहाजांच्या बॉयलरखाली घालवलास. कान गेले, पण डोकं शाबूत असेल तर सांग, काय करू? फोनवर तुला ओरडून सांगायची ताकद माझ्यात नाही. भिंतीतली शेगडी असती तर कोळसा तरी पेटवला असता, पण तीही विटांनी बुजवली, तुझ्याच सांगण्यावरून.

थेल्मा


प्लिमथ, ९ जानेवारी

प्रिय थेल्मा,

शेगडी बुजवायला मी सांगितलं नव्हतं. तुला त्या भिंतीवर फुलाफुलांचा कागद लावायचा होता. असो.

रागवायला सगळा जन्म पडलाय, आधी हात लाव. खालच्या प्रत्येक रेडिएटरला वर, मध्ये आणि तळाशी हात लावून बघ. वर थंड असेल तर आत हवा आहे. तळाशी थंड असेल तर गाळ. सगळाच थंड असेल तर पाणी तिथवर पोचतच नाही. छोट्या किल्लीने वरचा स्क्रू जरासा सैल कर आणि काय बाहेर येतं ते बघ. खाली फडकं धर.

मग पंप. त्याच्या अंगावर एक बाण कोरलेला असतो. पाणी कुठल्या दिशेने जायला हवं ते तो बाण सांगतो. तो कुठे तोंड करून आहे ते मला कळव.

आणि पोटमाळ्यावर पाण्याची छोटी टाकी असेल. तिच्यावर छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला एक नळ असतो. त्यातून पाणी कधीच पडता कामा नये. माळ्यावर कुणाला तरी पाठव. तू स्वतः चढू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत.

आर्नल्डला माझा नमस्कार सांग. त्याने दाराची बेल ऐकायला शिकावं. बहिरा मी आहे, तो नाही.

विल्फ


हॅलिफॅक्सजवळ, १४ जानेवारी

प्रिय विल्फ,

हात लावले. खालचे तिन्ही रेडिएटर नखशिखांत थंड. किल्ली फिरवली तर आधी साप फुसफुसावा तशी हवा आली आणि मग शाईसारखं काळं पाणी. फडकं धरलं होतं, तरी गालिच्यावर डाग पडलाच. त्याचं बिल कुणाला पाठवू, तुला की ब्रॉडबेंटला?

बाण दिसला नाही. पंप कपाटाच्या मागे आहे आणि कपाट मला हलत नाही. आर्नल्डला हलवू देत नाही. तो उठला की मी ओरडते, खुर्चीत बसला की पांघरूण टाकते.

शनिवारी शेवटी मीच गेले. ब्रॉडबेंट खालच्या पबमध्ये डार्ट खेळत होता. सगळ्यांसमोर म्हटलं, "रॉय, तुझा नेम इतका चांगला आहे तर एकदा माझं घर तरी सापडू दे." लोक हसले. लाजेखातर आला. बूट न पुसता आत शिरला, बॉयलरवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "म्हातारा झालाय हो. हा काढून नवाच बसवायला लागेल."

"पंपाचं काय? माझा भाऊ म्हणतो बाण बघा."

"तुमचा भाऊ जहाजं बघतो ना? मग त्यांना जहाजं बघू दे. मंगळवारी येतो, सगळं मोजमाप घेतो."

पाच मिनिटं. चहा मात्र पूर्ण प्यायला, कारण आर्नल्डने आग्रह करून दिला. दोघं कुजबुजत बसले होते जुन्या मित्रांसारखे. आणि काल, मंगळवार? कोण येतो! आर्नल्ड म्हणतो, बर्फामुळे अडकला असेल.

बर्फ खरंच खूप आहे. दूधवाला पायी येतोय. गल्लीतल्या सगळ्या छपरांवर हातभर साचलाय. फक्त आमच्या छपरावर, बरोब्बर आमच्या निजायच्या खोलीवर, टेबलाएवढी जागा कोरडी काळी आहे. इलिंगवर्थबाई म्हणाल्या, देवाची कृपा दिसते. मी म्हटलं, देवाला कृपा करायचीच होती तर खालच्या खोलीवर का नाही केली? आतून छतालाही तिथे ऊब लागते. आर्नल्डला ते बरं वाटतं. डोक्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं म्हणे. पलंग बरोबर त्याच्याखालीच आहे.

माळ्यावर जाणारं कुणी मिळालं नाही.

थेल्मा


प्लिमथ, १६ जानेवारी

थेल्मा,

हे पत्र वाचून होताच बॉयलर बंद कर. मग पलंग त्या जागेखालून काढ. शक्य असेल तर आर्नल्डला खालच्या खोलीत आण. हे झाल्यावर बसून पुढचं वाच.

ती कृपा वगैरे काही नाही. तुमच्या माळ्यावर उकळतं पाणी साठतंय. त्या गाढवाने पंप उलटा बसवलाय, माझी खात्री आहे. रेडिएटरकडे जायचं पाणी तो वाकड्या नळातून वर माळ्यावरच्या टाकीत फेकतोय. तेच पाणी हवा घेऊन परत खाली येतं, म्हणून आत गंज आणि म्हणून ते काळं पाणी. बॉयलरला 'आता पुरे' म्हणणारी कळही बिघडली असणार, नाहीतर छपरावरचा बर्फ वितळेल इतका तो तापला नसता. तुमची टाकी प्लॅस्टिकची असणार. थंड पाण्यासाठी बनवलेली. उकळत्या पाण्याने ती मेणासारखी मऊ होते. ती खाली आली तर छत घेऊनच येईल.

आज सकाळी पेन्रोजबाईंना, माझ्या शेजारणीला, तुमच्याकडे फोन करायला लावला. आर्नल्डने घेतला. म्हणाला, काळजी नको, प्लंबर येऊन सगळं ठीक करून गेला. पेन्रोजबाईंनी तेवढ्यावर फोन ठेवला आणि मला जरा हायसं वाटलं. पण ब्रॉडबेंट जर खरोखर आला असेल तर त्याने ठीक केलं यावर माझा विश्वास नाही. पलंग हलवच.

विल्फ


इलिंगवर्थबाईंच्या घरातून, २२ जानेवारी

प्रिय विल्फ,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. वाचून मी तुझ्यावरच चिडले होते, आधी सांगते. म्हटलं, तिकडे समुद्राकाठी बसून हा मला माझ्याच घरातून हुसकावतोय. तुझ्या पेन्रोजबाईंनी काय ऐकलं देव जाणे. इथे कुणीही येऊन काहीही ठीक केलं नव्हतं. त्यांनाही एकदा कान तपासून घ्यायला सांग.

पण बॉयलर बंद केला. इलिंगवर्थबाई आणि त्यांचा जावई आले, गादी खाली आणली. आर्नल्ड कुरकुरत होता, "विल्फला प्रत्येक भांडं फुटेलसं वाटतं." इलिंगवर्थबाईंनी विजेची एक लहान शेगडी दिली. ती आर्नल्डच्या पायाशी ठेवली. मी कोट घालून खुर्चीत झोपले.

मंगळवारी शाळेतून परत आले तर जिन्यावरून पाणी खाली येत होतं. वाफाळतं पाणी, विल्फ. आर्नल्ड जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. चपला भिजलेल्या, चेहरा पांढरा. मला बघून म्हणाला, "मी जरा वेळच लावला होता."

बॉयलर त्याने लावला होता. का, तर सकाळी खुर्चीत माझे ओठ निळे पडलेले त्याला दिसले. मी आल्यावर मला घर गरम मिळावं म्हणून.

मी वर गेले. छत नव्हतंच. टाकी आमच्या पलंगाच्या सांगाड्यावर उलटी पडली होती, आणि तिची एक बाजू जुन्या टोपीसारखी चेपली होती. पलंगाचा पाय मोडलेला. उशा जिथे असायच्या तिथे प्लास्टरचा ढीग, त्यातून वाफ निघत होती. तिथून आकाश दिसत नव्हतं, पण छपराचे वासे दिसत होते. टाकी कशावर ठेवली होती माहितीये? दोन अरुंद फळ्यांवर. नुसत्या ठेवलेल्या.

मी खाली आले आणि आर्नल्डच्या चपला काढल्या, पाय पुसले. बोलले असते तर छपरही गेलं असतं.

ब्रॉडबेंट मला भेटू दे फक्त.

थेल्मा


प्लिमथ, २४ जानेवारी

थेल्मा,

पत्र दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन बंदरावर फेरी मारून आलो, कारण घरात फोडण्यासारख्या वस्तू थोड्याच आहेत.

दोन फळ्यांवर टाकी ठेवणाऱ्याला आमच्या गोदीत पहिल्याच दिवशी हाकललं असतं. विम्याचा माणूस येईपर्यंत टाकी आणि पंप फेकू नका. कपाट हलवून त्या बाणाचा फोटो काढून ठेवा.

तुमच्या भागात वोइचिक नावाचा एक जण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडहून आलेला. आम्ही थोडे दिवस एकत्र काम केलं होतं. तोंडाचा तिखट आहे, पण सांगितलेल्या दिवशी येतो. पत्ता सोबत जोडलाय.

पेन्रोजबाईंचे कान माझ्यापेक्षा शंभरपट चांगले आहेत. आर्नल्ड जे बोलला ते त्यांनी मला तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं होतं. तू एकदा त्याला विचार.

विल्फ


इलिंगवर्थबाईंच्या घरातून, २ फेब्रुवारी

विल्फ,

विचारायची गरज पडली नाही. गावाने सांगितलं.

शनिवारी सकाळी खाटकाच्या दुकानात रांगेत उभी होते. दार उघडलं आणि ब्रॉडबेंट आत आला. शीळ घालत. मी गेले दहा दिवस मनात जे जे घोकलं होतं ते सगळं एका दमात बाहेर पडलं. म्हटलं, "या, या, मिस्टर मंगळवार! मटण घ्यायला बरा वेळेवर येतोस. माझ्या नवऱ्याच्या उशीवर उकळती टाकी पाडलीस तू. पंप उलटा, फळ्या दोन, आणि बॉयलर म्हातारा काय? लाज वाटत नाही?"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्या न्हाणीघरात अजून भोक आहे." आणखी एक म्हणाली, "माझ्याकडे ऑक्टोबरपासून मंगळवार चाललाय." खाटकाने सुरी खाली ठेवली आणि हात बांधून ऐकत राहिला. मला इतकं बरं वाटत होतं, विल्फ, मी खोटं बोलणार नाही.

ब्रॉडबेंट लाल झाला. म्हणाला, "पंप चुकला असेल, मानतो. पण मी आलो होतो. दोन मंगळवार आलो होतो. तुमच्या नवऱ्याने दारातून परत पाठवलं मला. विचारा त्याला. म्हणाला, राहू दे रॉय, काही करू नकोस, आणि बायकोला सांगू नकोस."

माझ्या हातात पिशवी होती. ती तिथेच काउंटरवर राहिली. इलिंगवर्थबाईंनी नंतर आणून दिली.

आर्नल्ड त्यांच्या खिडकीत बसला होता. मी कोटही काढला नाही. म्हटलं, "तू त्याला परत पाठवलंस?"

त्याने पांघरूण गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं.

"आर्नल्ड, मी तुझ्या पायाला गरम पाण्याच्या पिशव्या बांधत होते. शाळेतून पळत येत होते. पबमध्ये जाऊन तमाशा केला. आणि तू?"

तेव्हा म्हणाला, अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं, "थेल, तो पहिल्यापासूनच नवा बॉयलर बसवायचं म्हणत होता. पुढचा हिवाळा काही मी बघत नाही. मी गेलो की तू घर विकून विल्फकडे जाशील. विकायच्या घरात नवा बॉयलर कशाला? होतं तसं चाललं असतं वसंतापर्यंत."

विल्फ, मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. इलिंगवर्थबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ जोरात सोडून उभ्या राहिल्या. म्हटलं, तुला कुणी सांगितलं मी विल्फकडे जाणार? मला समुद्राचा वास सहन होत नाही. मला कुणी विचारलं? तू मरायची तारीख ठरवलीस, माझं घर विकलंस, माझं सामान बांधलंस, आणि मी तिकडे बटाटे कुस्करतेय! एवढं ओरडल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

तो म्हणाला, "तुला त्रास नको म्हणून."

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. एकाच खोलीत झोपतो, भिंतीकडे तोंडं करून.

ब्रॉडबेंटला मी माफ केलेलं नाही. पंप त्यानेच उलटा बसवला. पण आता राग धरायला बसले की समोर दोन चेहरे येतात आणि मला नीट चिडताही येत नाही.

थेल्मा


प्लिमथ, ५ फेब्रुवारी

थेल्मा,

आर्नल्ड मूर्ख आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचशील.

पण तुझीच पत्रं मी पुन्हा काढून वाचली. 'तो उठला की मी ओरडते, खुर्चीत बसला की पांघरूण टाकते.' हे तुझेच शब्द आहेत. तो हॉस्पिटलमधून आल्यापासून त्या घरातलं काही त्याने ठरवलंय का? कधी जेवायचं, कुठे बसायचं, खिडकी उघडायची की नाही? माणसाला आपल्याच घरात पाहुणा केलं की तो जायच्या तयारीलाच लागतो. त्याला एकच गोष्ट स्वतः ठरवता आली आणि ती त्याने इतकी वाईट ठरवली.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. मी ऐकू शकत नाही.

वोइचिकला कळवलं का?

विल्फ


हॅलिफॅक्सजवळ, ३ मार्च

प्रिय विल्फ,

तुझं पत्र मी चुरगळून कचऱ्यात टाकलं होतं. दोन दिवसांनी काढलं. त्यावर चहाची पत्ती लागली होती. तू इतका शहाणा आहेस तर तुझ्याशी कुणी लग्न का केलं नाही, हे मला आता नीट कळलं.

छत नवीन झालं. विम्याच्या माणसाने बाण पाहिला, फोटो काढले, मान हलवली. ब्रॉडबेंटवर तक्रार लिहून दिलीय. पुढे काय होईल ते होवो, पण गावात त्याला आता कुणी आत घेत नाही. परवा रस्त्यात दिसला, टोपी काढली त्याने. मी सरळ पुढे गेले. लोक म्हणतात थेल्मा कठोर आहे. म्हणू देत. ती टाकी त्यांच्या उशीवर पडलेली नाही.

काल सोमवारी आम्ही घरी परतलो आणि आज सकाळी वोइचिक आला. म्हणाला त्या दिवशी, म्हणाला त्या वेळी. मी दारात उभी राहून बघतच राहिले, तर म्हणतो, "काय झालं बाई, मी चुकीच्या घरी आलो का?" बॉयलर जुनाच ठेवतोय. म्हातारा वगैरे काही नाही म्हणाला, कळ तेवढी बदलली. पंप काढून सरळ बसवला. आत साचलेला काळा गाळ बादल्या भरभरून काढला.

मग भिंतीवर बसवायची ती डबी त्याने हातात घेतली, घर किती गरम ठेवायचं ते जिच्यावर ठरवतात ती. मला विचारलं, "कुठे लावू?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. विल्फ, मी जीभ चावली. अक्षरशः चावली, अजून दुखतेय. म्हटलं, "मला नाही माहीत. ह्यांना विचारा." आणि स्वयंपाकघरात निघून आले.

किटली भरली. मग वोइचिकच्या खिळ्याचा ठोका. आणि मग आर्नल्डचा आवाज. कित्येक आठवड्यांनी ऐकला मी तो आवाज, गिरणीत यंत्रांच्या वरताण ओरडायचा तो. "अहो, तिथे नाही! दारातून वारा येतो तिथे. ती डबी दिवसभर गारठलेली राहील आणि बॉयलर वेड्यासारखा चालत बसेल."

"तीस वर्षं मी इथेच लावतोय, सगळ्यांच्या घरी."

"सगळ्यांच्या घरी तुम्ही राहत नाही. इकडे लावा, माझ्या खुर्चीशेजारी. मला उठून फिरवता आली पाहिजे. अजून खूप वर्षं फिरवायचीय मला ती."

"खुर्चीशेजारी लावली तर दिव्याची ऊब लागेल हो, चुकीचं दाखवेल!"

"मग दिवा हलवू. दिवा काय भिंतीत पुरलाय?"

खोकला आला त्याला मध्येच. मी उठले. अर्ध्यात थांबले, परत बसले. खोकला संपला आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

मी हे लिहितेय तेव्हाही ते चालू आहे. वोइचिक पोलिश भाषेत काहीतरी पुटपुटतोय, आणि आर्नल्ड त्याला दरडावून सांगतोय की भिंतीला भोक पाडायच्या आधी घरातल्या माणसाला विचारायचं असतं.

दोघांना चहा द्यायला हवा. पण मी अजून उठलेली नाही.

तुझी,
थेल्मा